पूर्ण नाव लावण्याची किंमत

आमच्या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीने शिक्षक, तलाठी, परिचारिका, बँकेतील लिपिक अशा वाटा धरल्या. त्या वाटांवर एक सोय होती. पाटी संस्थेची असे. माणसाने नेमणूकपत्र घेऊन रुजू व्हायचे. अलीकडे मात्र आमचे बरेच विद्यार्थी ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायात शिरले आहेत. त्यांतील थोडे मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकले. बाकीचे तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात रात्री जागून, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप हाताळत तयार झाले. या व्यवसायात नेमणूकपत्र क्वचितच मिळते. बहुतेकांना सुटी कामे घ्यावी लागतात आणि तेथे स्वतःचे नाव हीच दुकानाची पाटी असते.

त्यामुळे ग्राहकाचे पहिले काम हाती येण्यापूर्वीच या मुलामुलींना एक काम स्वतःसाठी करावे लागते. त्याला हल्ली ‘पर्सनल ब्रँडिंग’ म्हणतात. आपले नाव कोणत्या वळणाच्या अक्षरांत लिहावे, त्याला चिन्ह जोडावे की नाही, रंग कोणता घ्यावा, निवडक कामांचा संग्रह कसा मांडावा, व्हिजिटिंग कार्डापासून बिलापर्यंत सर्वत्र एकच हात कसा दिसावा, एवढा त्याचा पसारा आहे. पालकांना हा शब्द पोकळ वाटतो. साबणाला ब्रँड असतो, माणसाला कशाला, असे ते विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, केलेल्या कामाला जबाबदार कोण हे समोरच्याला एका दृष्टिक्षेपात कळावे, यापलीकडे या शब्दाचा फारसा अर्थ लावू नये. सुताराने चौकटीच्या मागे आपली खूण करावी, तसेच हे आहे. मात्र आमच्या मुलांच्या बाबतीत या साध्या कामात एक गाठ पडलेली आहे. ती आडनावाची आहे आणि तिच्याविषयी स्मरणिकेच्या पानांवर स्पष्ट बोलले पाहिजे असे आम्हांला वाटते.

मुले आपल्या ओळखचिन्हाचे कच्चे आराखडे दाखवायला आणतात, तेव्हा त्यांत आडनाव बहुधा नसते. पहिले नाव, आणि त्यापुढे ‘क्रिएशन्स’, ‘स्टुडिओ’ किंवा ‘डिझाइन्स’. कारण विचारले तर सुटसुटीत दिसते असे उत्तर येते. कधीकधी ते खरेही असते; लांबलचक आडनाव दोन सेंटिमीटरच्या रबरी शिक्क्यात बसत नाही. पण थोडे अधिक बोलले की दुसरे कारण वर येते. महाराष्ट्रात काही आडनावे अनेक समाजांत आढळतात, तर काही ऐकताक्षणीच ओळखली जातात. ज्यांची ओळखली जातात, त्यांना फोनवरचा आवाज बदललेला कळतो. दर ठरला असता आठ दिवसांनी ‘सध्या काम पुढे ढकलले आहे’ असा निरोप येतो. त्याचा पुरावा देता येत नाही आणि त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. अशा वेळी बावीस वर्षांच्या मुलाने आडनाव गाळले, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

या व्यवसायाच्या इतिहासात असे नाव बदलणारा एक फार मोठा माणूस होऊन गेला. आय. बी. एम. या कंपनीचे प्रसिद्ध अक्षरचिन्ह ज्याने १९५६ मध्ये घडवले, तो अमेरिकन चित्रकार पॉल रँड. त्याचे जन्मनाव पेरेट्झ रोझेनबाउम. १९१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्या काळी तेथील जाहिरात व्यवसायात ज्यू नाव अडचणीचे ठरे. म्हणून ऐन तारुण्यात त्याने नाव बदलले. इंग्रजी लिपीत नव्या नावाची चार अक्षरे आणि आडनावाची चार अक्षरे. दोन्ही बाजू समतोल, लक्षात राहणारी. त्याने पुढे मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हे केली, पण त्याचे सर्वांत पहिले चिन्ह हे त्याचे स्वतःचे नावच होते, असे त्याच्याविषयी म्हटले जाते. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सने आपल्या ‘नेक्स्ट’ या नव्या कंपनीच्या चिन्हासाठी त्याला एक लाख डॉलर दिले आणि त्याने पर्यायांची जंत्री न देता एकच चिन्ह हाती ठेवले. नावाला एवढे वजन आलेले होते.

रँडला दोष देण्याचे कारण नाही. पण त्याची युक्ती आपल्याकडे चालत नाही, हे मुलांनी ध्यानात घ्यावे. रँड म्हटल्यावर अमेरिकेतील ग्राहकाची जिज्ञासा तेथेच संपत असे. आपल्याकडे आडनाव गाळले की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘पूर्ण नाव काय?’ ते टाळले तर ‘मूळ गाव कोणते?’ आणि तेही निभावले तर ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ येथे गाळलेली जागासुद्धा वाचली जाते. जे लपवायचे तेच ठळक होते आणि वर चिन्ह अर्धवट राहते ते वेगळेच. शिवाय बिल, बँकेचे खाते, पॅन कार्ड यांवर पूर्ण नाव असतेच. ओळखचिन्ह एक सांगते आणि बिल दुसरे सांगते, अशी दुभंगलेली मांडणी तरुण माणसाला रोज थोडी थोडी थकवते. डिझाइनच्या दृष्टीनेही ती कच्ची आहे.

येथे कोणी धम्माचा आधार घेऊन विचारील की, नाव ही तर केवळ संज्ञा आहे, तिच्याविषयी एवढा आग्रह कशाला? मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंदाने नाव विचारले असता भदंत नागसेनांनी हेच सांगितले आहे. नागसेन हा व्यवहारापुरता शब्द आहे. रथाच्या चाकात, आसात किंवा जुवात जसा वेगळा ‘रथ’ सापडत नाही, तसा या नावामागे कोणी वेगळा पुरुष सापडत नाही. हे आम्हांला मान्य आहे. ज्या बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले, त्यांनाही ते मान्य असणार. परंतु नाव जर केवळ व्यवहार असेल, तर त्या व्यवहाराला जातीचा अर्थ चिकटवणाऱ्यांनीही काही शाश्वत सत्य शोधून काढलेले नाही. संज्ञेचा अर्थ वापराने घडतो आणि वापरानेच बदलतो. एखादे आडनाव वीस वर्षे उत्तम मुखपृष्ठांच्या तळाशी छापले गेले, तर वाचकाच्या मनात त्याचा अर्थ ‘उत्तम मुखपृष्ठे करणारा’ असा होऊ लागतो. गाळलेल्या नावाला ही संधीच मिळत नाही.

आणि कारागिराने आपले नाव कामावर घालणे ही पाश्चात्त्य जाहिरातबाजीतून आलेली गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांकडे जाऊन यावे. राजमाचीच्या पायथ्याशी असलेले हे लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत छोटा लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा की, कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. बस्स, एवढेच. राजाची स्तुती नाही, वंशावळ नाही. करणाऱ्याचे नाव आहे, गुरूचे नाव आहे आणि काम समोर आहे. ‘अंतेवासी’ म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. निवासी शाळेत दहा-दहा वर्षे काढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना तो शब्द वेगळा समजावून सांगावा लागू नये. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याची नोंद आहे. तेथे व्यक्तींची नावे नाहीत, पण गाव आणि व्यवसाय आहे. आमच्या मते ओळखचिन्हाची याहून चांगली व्याख्या करता येणार नाही. कोण, कोणाकडे शिकला, कुठला, काय करतो.

नाव कसे निवडावे याचा धडा घ्यायचा तर बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची शीर्षके ओळीने वाचावीत. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याच ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’. पहिल्या दोन नावांत समाजावर लादलेली स्थिती झाकलेली नाही. ती मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत मांडलेली आहे. मूक, बहिष्कृत. आजच्या एखाद्या जाहिरात सल्लागाराने असे शब्द नावात घेऊ दिले नसते. पुढे स्थिती बदलत गेली तसे नावही बदलले, आणि ते बदलणारे आतले होते. नाव बदलण्याला आमचा विरोध नाही, हे यावरून लक्षात यावे. कोणाच्या भुवया उंचावतील म्हणून बदलू नये, इतकाच आमचा मुद्दा आहे.

आता याच्या उलट टोकाविषयी. काही मुले आडनाव ठळक लावतात आणि त्याला निळा रंग व चक्रही जोडतात. त्यामागची भावना आम्ही जाणतो. तरीही ती मांडणी आम्हांला पटत नाही. निळा रंग आणि धम्मचक्र ही सर्वांची सामायिक संपत्ती आहे. ती बिलाच्या कोपऱ्यात बसवली की तुमचा समाज कळतो, तुमच्या हाताचे वैशिष्ट्य कळत नाही. शेजारच्या दहा दुकानांच्या पाट्यांवर तेच असते. त्यातही आठ आऱ्यांचे धम्मचक्र आणि राष्ट्रध्वजातील चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र यांची सर्रास गल्लत होते. १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार ध्वजातील अशोकचक्राची आकृती केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी वापरता येत नाही, हे फ्लेक्सच्या दुकानात कोणी सांगत नाही.

मग चिन्ह कशाचे करावे? आमच्या मते बहुतेकांना चिन्हाची गरजच नाही. नाव नीट लिहिले तर पुरते, आणि ते देवनागरीत लिहावे. इंग्रजी आद्याक्षरांच्या गोल मोनोग्रामची गर्दी इतकी झाली आहे की, त्यातून माणूस शोधावा लागतो. देवनागरीत शिरोरेषा आहे, काने-मात्रा वर-खाली जातात, जोडाक्षरे आहेत. प्रत्येक नावाची वेगळी आकृती आपोआप तयार होते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना असे रूप दिले की, प्रेक्षक शब्द वाचण्याआधी अक्षर ओळखत. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोजच्या संगणकांबरोबर घरोघरी पोहोचला. या लोकांची ओळख मराठी अक्षरांवरच उभी राहिली. साधनांसाठीही आता पैसे लागत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे टंक खुल्या परवान्याखाली व्यावसायिक कामालाही विनामूल्य वापरता येतात. चोरलेल्या फॉन्टवर स्वतःची ओळख उभारण्याचे मग काही कारण उरत नाही. पंचशीलातील दुसरे शील येथेही लागू पडते.

फक्त टंक निवडताना डोळे उघडे ठेवावेत. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणाहून वेगळा असतो. अनेक टंकांत मुळात हिंदी वळण पुढे येते आणि मराठी वळण मुद्दाम निवडावे लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील र च्या दोन रूपांचा फरक ज्या टंकात नीट दिसत नाही, तो मराठी माणसाच्या नावासाठी घेऊ नये. नाव तयार झाले की ते एका रंगात छापावे, त्याची झेरॉक्स काढावी, त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढावी, व्हॉट्सॲपच्या छोट्या वर्तुळात बसवून पाहावे. एवढ्यातून जे वाचता येते ते ठेवावे. छाया, चकाकी, सोनेरी कडा पहिल्याच झेरॉक्सला गळून पडतात. आणि संकेतस्थळांवरचे तयार ‘लोगो’ उचलू नयेत. त्याच दिवशी तेच चिन्ह आणखी शेकडो लोकांनी उचललेले असते.

कामांच्या संग्रहाबद्दल आमचे मत थोडे आग्रही आहे. आमची मुले मोठ्या शहरात मुलाखतीला जाताना १४ एप्रिलचे फलक, बुद्धजयंतीच्या पत्रिका, लग्नाचे फ्लेक्स संग्रहातून काढून टाकतात आणि त्या जागी काल्पनिक कॉफीच्या दुकानाचे कागदी पेले ठेवतात. आम्हांला हे पाहून वाईट वाटते. चाळीस फुटी फलक, चौकातून जाणाऱ्या ट्रकमधून वाचता आला पाहिजे, मध्यरात्री काम आले आणि पहाटे छापायला गेले पाहिजे, त्यात तीस शुभेच्छुकांचे चेहरे बसवून बाबासाहेबांच्या प्रतिमेचा मान राखायचा. ही कसोटी कॉफीच्या पेल्याहून कितीतरी कठीण आहे. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तके, दिनदर्शिका, पोस्टर यांचा जो बाजार भरतो, तोही डिझाइनचाच बाजार आहे. त्यातील उत्तम दोन-तीन कामे संग्रहात ठेवावीत आणि प्रत्येकाखाली चार ओळींत लिहावे : काय मागितले होते, किती वेळ होता, काय केले, काय वगळले. दुसऱ्याबरोबर केलेल्या कामात आपला वाटा किती, तेही लिहावे.

आता आम्ही मूळ गाठीकडे येतो, कारण येथवरचा सगळा उपदेश तरुणांना झाला आणि तो फुकट होता. पूर्ण नाव लावा, आपल्या लिपीत लावा, आपले काम लपवू नका, हे सांगणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र त्या मुलाला मोजावी लागते. नावामुळे दहा कामांतली दोन गेली, तर त्या महिन्याचे खोलीभाडे कोण भरणार? भाषण करणारे भरत नाहीत. ज्या समाजाला आपल्या मुलांनी ताठ मानेने नाव लावावे असे वाटते, त्याने ती दोन कामे भरून दिली पाहिजेत, तीही पैसे देऊन.

आणि येथेच आपली वागणूक ठीक नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे आगाऊ दिले जातात, मंडपवाल्याला दिले जातात, फ्लेक्स छापणाऱ्याला चौरस फुटाच्या दराने दिले जातात. फ्लेक्सची रचना करणाऱ्याला मात्र ‘आपलाच मुलगा आहे, समाजाचे काम आहे’ असे म्हटले जाते. फलकावर तीस शुभेच्छुकांची नावे असतात, रचनाकाराचे नाव दोन सेंटिमीटर जागेत टाकायचे म्हटले तर ‘ते शोभत नाही’ असे ऐकावे लागते. विहाराच्या पत्रिकेला पाच वेळा दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि शेवटी पाठीवर थाप मिळते. दान स्वेच्छेने होते. गृहीत धरलेल्या श्रमाला दान म्हणता येत नाही. ज्या मुलीचे श्रम घरच्यांनीच बिनमोल ठरवले, तिने बाहेरच्या ग्राहकाकडे ताठपणे दर कसा सांगावा?

आमच्या मते याची सुरुवात माजी विद्यार्थ्यांपासूनच व्हावी. आपल्यातील कितीतरी जण आज पतसंस्था, दवाखाने, शिकवणी वर्ग, औषधांची दुकाने, प्रकाशने चालवतात. त्यांच्या पाट्या, पत्रके, अहवाल वर्षभर छापले जातातच. ती कामे आपल्या मुलामुलींना द्यावीत, पण ती आपली आहेत म्हणून देऊ नयेत. त्यांचा संग्रह मागवावा, दोघा-तिघांचे काम पाहून निवड करावी, काम पसंत नसेल तर तसे तोंडावर सांगावे, दर लेखी ठरवावा, निम्मी रक्कम आधी द्यावी. छापील वस्तूवर रचनाकाराचे नाव, त्याने स्वतःसाठी ठरवलेल्या अक्षरांत, छापावे. आणि ज्याने अखेर आडनाव न लावण्याचे ठरवले असेल, त्याला त्याबद्दल प्रश्न विचारू नयेत. काम चांगले असेल तर त्यालाही द्यावे.

येत्या एप्रिलसाठी मंडळांची लगबग फेब्रुवारीतच सुरू होते. अंदाजपत्रकात मंडप, ध्वनिक्षेपक, भोजनदान यांच्याखाली ‘रचना’ अशी एक ओळ यंदा घालावी आणि तिच्यापुढे आकडा लिहावा. काम झाल्यावर ती मुलगी बिल पाठवील. त्यावर वर डावीकडे तिचे पूर्ण नाव असेल. धनादेश त्याच नावाने काढावा.